ठिपके, भिंग आणि दादासाहेबांचे डोळे

आज हातात असलेल्या या वर्तमानपत्रातलं एखादं छायाचित्र निवडा, शक्यतो कृष्णधवल, आणि त्यावर भिंग धरा. चेहरा नाहीसा होतो. उरतात ते नुसते ठिपके. काही जाड, काही बारीक, ओळीने मांडलेले. राखाडी रंग शोधूनही सापडत नाही. आता घरातल्या कुणाला तरी कागद धरायला सांगा आणि चार पावलं मागे जा. ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहरा परत येतो. कागद तोच, शाई तीच. बदललं ते फक्त अंतर.

हा खेळ आयुष्यातली वीसेक वर्षं पोटापाण्यासाठी खेळलेला एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. दादर पूर्वेच्या एका रस्त्याला त्याचं नाव आहे, देशातल्या सर्वोच्च चित्रपट पुरस्कारालाही आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. मी डॉक्टर आहे, चित्रपटाचा जाणकार नाही. मला त्यांचं आयुष्य वाचताना वेगळंच काही दिसतं. एकच चित्र जवळून काय असतं, लांबून काय होतं, लहान केलं तर त्यातलं काय हरवतं आणि मोठं केलं तर काय उरतं, या प्रश्नाभोवती हा माणूस जन्मभर फिरत राहिला. आज आमच्या रुग्णालयातले संगणकही रुग्णाचा एक्स-रे वाचताना त्याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलाचा ओढा चित्रांकडे होता. १८८५ मध्ये त्याने सर ज. जी. कलाशाळेत नाव घातलं. तिथून तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला, छायाचित्रण असं जे समोर येईल ते तो शिकत गेला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी या हरहुन्नरी विद्यार्थ्याला प्रयोगशाळा आणि स्टुडिओ वापरायला दिला, इतकंच नव्हे तर तीन रंगांच्या ब्लॉकचं काम शिकायला रतलामला पाठवलं.

ब्लॉकचं काम म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावं लागेल. छापखान्याच्या यंत्राला दोनच गोष्टी येतात: शाई लावणं किंवा न लावणं. अर्धी शाई लावणं त्याला जमत नाही. मग गालावरची सावली, आकाशातला ढग, केसांवरची चमक छापायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याला हाफटोनचं उत्तर मिळालं. छायाचित्र आणि संवेदनशील काच यांच्यामध्ये बारीक आडव्या-उभ्या रेघांची एक जाळी धरायची. जाळीच्या प्रत्येक चौकोनातून उजेड कमी आला की एका आकाराचा ठिपका, जास्त आला की दुसऱ्या आकाराचा. ही ठिपक्यांची प्रतिमा धातूच्या पत्र्यावर उतरवायची आणि आम्लाने कोरून काढायची. झाला ब्लॉक. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचात ६५ ते ८५ रेघांची जाळी चाले, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५० ची. जाळी जितकी बारीक तितकं चित्र नाजूक. पण खरबरीत कागदावर फार बारीक जाळी वापरली तर शाई पसरून सगळंच काळं होई.

म्हणजे ब्लॉक करणाऱ्याला दोन डोळ्यांनी पाहावं लागे. भिंगातून ठिपका नीट कोरला गेला की नाही हे पाहायचं आणि मग मान वर करून, हातभर अंतरावरून, चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो की नाही हे पाहायचं. एकाच चित्राचे दोन निकाल. यातला एक चुकला तरी काम वाया.

पुढची दहा-बारा वर्षं फाळके यांच्यासाठी खडतर गेली. १८९५ मध्ये त्यांनी गोध्र्याला छायाचित्रकाराचा धंदा सुरू केला. १९०० च्या प्लेगमध्ये पत्नी आणि मूल गेलं. प्लेगवर तेव्हा औषध नव्हतं. मुंबईत हाफकिन यांनी परळला नव्हे, तर भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्या खोलीत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली होती, पण ती गावोगाव पोचायला अवधी होता. फाळके बडोद्याला परतले, तर तिथे कॅमेरा माणसातली शक्ती शोषून घेतो अशी समजूत पसरलेली. फोटो काढून घ्यायला माणसं येईनात. त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, जादू शिकली आणि आडनावाची अक्षरं उलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोग केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाई पुढे त्यांच्या प्रत्येक उद्योगाचा कणा ठरल्या.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी मिळाली. ती त्यांनी काही वर्षांतच सोडली आणि लोणावळ्याला स्वतःचं ब्लॉकचं आणि छपाईचं काम सुरू केलं. गिरगावात १८९४ साली सुरू झालेला रविवर्मा प्रेस तोवर जवळच मळवलीला गेला होता. घराघरांत पोचलेल्या त्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरींसाठी लागणारी शिळाछपाईची कामं फाळके करून देत. इथेही प्रश्न तोच. दगडावर राखाडी छटा नसते. हजारो बारीक टिंबं देऊन ती भासवावी लागते. देवघरातून हात जोडून पाहणाऱ्याला देवीचा तेजस्वी गाल दिसतो. कारागिराला दिसतात ती गुलाबी आणि पिवळी टिंबं.

काम वाढलं तसा छापखाना दादरला आला. पुरुषोत्तम मावजी भागीदार झाले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव पडलं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणण्यासाठी फाळके जर्मनीला जाऊन आले. धंदा उत्तम चालला होता. मग भागीदारांचं बिनसलं आणि फाळके हात झटकून बाहेर पडले. वय चाळीस, हातात कला भरपूर, खिशात काही नाही.

याच रिकाम्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता आणि त्यांच्या मनात कृष्ण-राम दिसू लागले. पुढचे महिने त्यांनी झपाटल्यासारखे घालवले. मुंबईत लागेल तो चित्रपट पाहायचा, मिळतील ते फितीचे तुकडे गोळा करायचे आणि घरी मेणबत्ती व बहिर्गोल भिंग वापरून ते भिंतीवर पाडून बघायचे. रोज चार-पाच तास, जवळजवळ सहा महिने, झोपेचं खोबरं करून.

आणि डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासंच झालं. डॉ. प्रभाकर नावाच्या नेत्रवैद्यांनी उपचार केले, तीन-चार वेगवेगळे चष्मे दिले आणि दृष्टी परत आली, असं त्यांच्या चरित्रात येतं.

इथे माझ्यातला डॉक्टर थबकतो. फाळके यांना मोतीबिंदू झाला होता असं सर्रास लिहिलं जातं. पण मोतीबिंदू फार पाहिल्याने होत नाही आणि चष्म्याने किंवा औषधाने उतरतही नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच लागते. मेणबत्तीच्या उजेडाने डोळ्याचा पडदा जळत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या रुग्णाचं निदान आज खुर्चीत बसून करण्याचा आगाऊपणा मी करणार नाही. दोन गोष्टी मात्र खात्रीने सांगता येतात. पहिली, फाळके तेव्हा चाळिशी ओलांडत होते आणि जवळचं पाहण्याच्या चष्म्याला आपण मराठीत चाळिशी का म्हणतो हे सांगायला नको. या वयात डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं अंधूक होतं आणि मंद उजेडात तासन्तास बारीक पाहिलं तर डोकं ठणकतं, डोळे कोरडे पडतात. योग्य चष्मा हे त्यावरचं खरंखुरं उत्तर आहे. दुसरी गोष्ट आजच्या वाचकासाठी: दृष्टी एकाएकी गेली, तर ती ताणाने गेली असं समजून घरी थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा. काही कारणांमध्ये तासांचा हिशेब असतो.

डोळे परत आले तशी फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला निघाले. तिथे चित्रपट व्यवसायावरच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांची त्यांनी न ओळखता गाठ घेतली, त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ पाहिला, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फितीला भोकं पाडण्याचं यंत्र यांची मागणी नोंदवली आणि दोन महिन्यांत मुंबईला परतले. कॅमेरा आल्यावर पहिला चित्रपट त्यांनी कशावर काढला? कुंडीतल्या वाटाण्यावर. कॅमेरा एका जागी पक्का करून, ठरावीक अंतराने चौकटी घेत, त्यांनी बीचं रोप होताना टिपलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत झाली. ती पाहून पैसे लावणारे तयार झाले.

वाटाण्याच्या त्या फितीत एक फार मोठी कल्पना दडलेली आहे. चित्र लहान करताना आपण जागेतले काही ठिपके ठेवतो आणि बाकीचे सोडतो. फाळके यांनी काळातले काही क्षण ठेवले आणि बाकीचे सोडले. काय सोडायचं हे नीट ठरवलं तर रोपाची वाढ दिसते. निष्काळजीपणे सोडलं तर भलतंच दिसतं. जुन्या चित्रपटांत टांगा पुढे धावतो आणि चाक मात्र उलटं फिरताना दिसतं, ते आठवा. चाक उलटं फिरत नसतं. दोन चौकटींमधल्या काळात त्याचा आरा जवळजवळ शेजारच्या आऱ्याच्या जागी आलेला असतो आणि आपला मेंदू फसतो. नमुने फार विरळ घेतले की नुसती माहिती हरवत नाही, खोटी माहिती तयार होते. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

फाळके कुटुंब चर्नी रोडवरून दादर मेन रोडवरच्या मथुरा भवनात आलं. हाच आजचा दादासाहेब फाळके मार्ग. तिथे 'राजा हरिश्चंद्र'ची जुळवाजुळव झाली. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक केला, रात्री अंधारात कोऱ्या फितीला भोकं पाडली, फिती धुतल्या. स्त्री कलाकार मिळेना म्हणून तारामती झाले अण्णा साळुंके. हरिश्चंद्र दत्तात्रय दाबके आणि रोहिदास फाळके यांचा मुलगा भालचंद्र. सुमारे ३,७०० फुटांची फीत तयार झाली. एका फुटात १६ चौकटी, म्हणजे जवळपास ५९,००० चित्रं. ३ मे १९१३ रोजी गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ती लोकांसमोर आली.

फितीवरची एक चौकट साधारण २४ मिलिमीटर रुंद असते, टपालाच्या तिकिटाएवढी. पडदा चार मीटर रुंद धरला, तर ती १६५ पटींहून मोठी होते. पुढच्या बाकावरच्याला फितीचे कण आणि ओरखडे दिसतात. मागच्या खुर्चीवरच्याला राजा दिसतो. ब्लॉकच्या धंद्यात मुरलेल्या फाळके यांना हे नवं नव्हतं. चित्र एकाच अंतरावरून पाहून चालत नाही हा त्यांचा जुना धडा होता.

आता संगणकाकडे येऊ. संगणकाला चित्र म्हणजे आकड्यांचा तक्ता. प्रत्येक घरात ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. त्याला मागे जाऊन पाहता येत नाही, पाय नाहीत. म्हणून त्याच्यासाठी चित्रांची उतरंड रचतात. घरात मोठ्या मडक्यावर लहान, त्यावर त्याहून लहान अशी मडकी रचत, तशी. तळाला मूळ चित्र, त्यावर लांबी-रुंदीने निम्मं, त्यावर त्याच्या निम्मं. इंग्रजीतून आलेलं त्याचं नाव पिरॅमिड. मागे टाकलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे उतरंडीचं एक वरचं मडकं. जागाही फार लागत नाही. प्रत्येक वरच्या चित्रात खालच्याच्या पाव घरं असतात, त्यामुळे सगळी उतरंड मिळून मूळ चित्राच्या सव्वापटीहून थोडी जास्त, नेमकं सांगायचं तर एक पूर्णांक एक तृतीयांश पट जागा घेते.

हा कोड लिहिणारा नवखा विद्यार्थी पहिली चूक ठरलेली करतो. निम्मं करायचं ना, मग एक घर ठेवा, एक सोडा. वहीवर करून पाहा. समजा चित्रात एक काळी, एक पांढरी अशा बारीक रेघा आहेत: ०, २५५, ०, २५५. एकाआड एक घर ठेवलं तर उरतं ०, ०, ०, सगळं काळंकुट्ट. सुरुवात एक घर पुढून केली तर सगळं पांढरं. दोन्ही उत्तरं धडधडीत खोटी. हे आपलं उलटं फिरणारं चाकच.

उपाय असा की, सोडण्याआधी प्रत्येक घराला शेजाऱ्यांत मिसळायचं. त्यासाठी पाच घरांना १, ४, ६, ४, १ असं वजन देतात आणि बेरजेला १६ ने भागतात. आधी आडवं, मग उभं. वरच्या रेघांवर हे करून बघा. मधलं घर काळं धरलं तर काळ्या घरांचं वजन १ अधिक ६ अधिक १, म्हणजे ८. पांढऱ्यांचं ४ अधिक ४, म्हणजेही ८. उत्तर बरोबर निम्मं, राखाडी. आता एकाआड एक घर सोडलं तरी राखाडीच उरतं. लांबून त्या रेघा डोळ्याला जशा दिसल्या असत्या, अगदी तशा. फाळके राखाडीचे काळे ठिपके करत होते. संगणक उलट्या वाटेने ठिपक्यांची राखाडी करतो.

पीटर बर्ट आणि एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९८३ मध्ये यात आणखी एक शहाणपणाची भर घातली. वरचं लहान चित्र पुन्हा ताणून मोठं करा आणि खालच्या मूळ चित्रातून वजा करा. जे उरेल तेच लहान करताना हरवलेलं: कडा, रेघा, ठिपके. ते फेकू नका, जपून ठेवा. लहान चित्र अधिक हे हरवलेल्यांचे हिशेब मिळून मूळ चित्र जसंच्या तसं परत उभं राहतं.

गंमत म्हणजे आपला डोळा फार पूर्वीपासून काहीसं असंच करतो. दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी बारा कोटींहून अधिक आहेत, पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत धागे दहा-बारा लाखच. एवढी गर्दी एवढ्या अरुंद दारातून न्यायची तर सारांशच काढावा लागतो. स्टीफन कुफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या डोळ्यात दाखवलं, की या धाग्यांना जोडलेल्या पेशी मधल्या जागेतल्या उजेडातून भोवतालचा उजेड जणू वजा करतात. दृष्टिपटलाच्या मध्यावर त्या फार लहान जागा पाहतात, कडेला मोठ्या. केंब्रिजच्या कॅम्पबेल आणि रॉबसन यांनी १९६८ मध्ये मांडलं, की जाड आणि बारीक तपशिलांसाठी आपल्या दृष्टीत वेगवेगळ्या वाटा असाव्यात. मराठीत चित्रपटाचा पडदा आणि डोळ्याचा पडदा यांना एकच शब्द आहे, तो काही उगाच नाही.

हे सगळं माझ्या अंगावर कसं आलं, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी रात्री उशिरा एका सहकाऱ्याने मोबाइलवर छातीच्या एक्स-रेचा फोटो पाठवला. ताप, खोकला, वजन उतरलेला तरुण. मी घरी, अंथरुणावर, चष्मा शोधत. फुप्फुसं किंचित धुरकट वाटली, बाकी काही दिसलं नाही. फोटो नीट आला नसेल असं म्हणून मी सकाळी पाहू असं कळवलं. सकाळी तीच फिल्म प्रकाशपेटीवर लावली आणि अंगावर काटा आला. दोन्ही फुप्फुसांत, वरपासून खालपर्यंत, बाजरी विखुरल्यासारखे दाणे. मिलिअरी क्षयरोग. मिलिअरी हा शब्दच भरडधान्याच्या दाण्यावरून आला आहे.

नंतर मी हिशेब केला. ३५ सेंटिमीटर रुंदीची फिल्म मोबाइलच्या ७ सेंटिमीटर पडद्यावर पाच पट लहान होते. दोन मिलिमीटरचा दाणा ०.४ मिलिमीटर झाला, म्हणजे जुन्या वर्तमानपत्रातल्या ठिपक्यांमधल्या अंतराएवढा. त्यातून फोटो पाठवताना तो आणखी दाबला गेलेला. दाणे एकमेकांत मिसळले आणि त्यांची राखाडी झाली. जो धुरकटपणा मी फोटोचा दोष समजलो, तोच आजार होता. रुग्णाचे उपचार वेळेत सुरू झाले आणि तो बरा झाला. चूक माझी होती. मी उतरंडीचं सगळ्यात वरचं मडकं पाहून तळाचा निकाल दिला होता.

म्हणूनच संगणकाला शिकवताना दोन्ही टोकं दाखवावी लागतात. मधुमेही रुग्णाच्या दृष्टिपटलाचा फोटो घ्या. तो २,०४८ घरं रुंद असेल, तर दृष्टिचेतेची तबकडी साधारण २३० घरांची येते आणि आजाराची पहिली खूण असलेला केशवाहिनीचा फुगवटा जेमतेम आठ घरांचा. चित्र तीनदा निम्मं केलं की ते २५६ घरांचं होतं. तबकडी अजून २९ घरांची, सहज सापडण्याजोगी. फुगवटा मात्र एका घरात मावतो आणि शेजाऱ्यांत विरून जातो. तेव्हा वरच्या लहान चित्रात तबकडी शोधायची, दिशा ठरवायची आणि मग खाली उतरत मूळ चित्रात फुगवटे शोधायचे. पॅथॉलॉजीच्या डिजिटल काचपट्ट्या तर उतरंडीवाचून उघडतच नाहीत. १५ मिलिमीटर लांब-रुंद ऊतीचा तुकडा पाव मायक्रॉनच्या घरांनी टिपला, तर ३६० कोटी घरं होतात. डॉक्टर आधी वरचं लहान चित्र पाहतात, संशयास्पद जागेवर बोट ठेवतात आणि संगणक तेवढाच तळाचा तुकडा समोर आणतो. ब्लॉकवाला मान वर करून पाही आणि मग पुन्हा भिंगात डोकावे, तसंच.

फाळके १९१३ मध्येच नाशिकला गेले आणि तिथे त्यांनी एकामागून एक चित्रपट काढले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता दोघंही रंगवले. चित्रपट कसे तयार होतात हे समजावणारा एक माहितीपटही त्यांनी काढला. विद्या लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. १९१८ मध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. तिथेही भागीदारांशी मतभेद झाले, ते काशीला निघून गेले, परतही आले. मग बोलपट आला. ज्याची सगळी हयात डोळ्यांना पटवण्यात गेली, त्याला कानांचा नवा जमाना मानवला नाही. १९३२ चा 'सेतुबंधन' मूक तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले, तेव्हा ज्या उद्योगाचा पाया त्यांनी घातला, त्यात त्यांची फारशी आठवण उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर.

'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण उपलब्ध नाही. काही रिळं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली आहेत. अशा जुन्या फितींचा थरकाप संगणकाने शांत करताना आधी लहान चित्रांवर ढोबळ हालचाल मोजतात आणि मग खाली उतरत मूळ चित्रावर ती नेमकी करतात. तिथेही उतरंडच कामाला येते.

आता वाचकांसाठी कामाच्या दोन गोष्टी. एक्स-रे, सीटी किंवा काचपट्टीवर दुसऱ्या डॉक्टरांचं मत हवं असेल, तर मोबाइलने काढलेला फोटो पाठवून समाधान मानू नका. मूळ फिल्म किंवा मूळ फाइल न्या. सीडी मिळाली असेल तर तीच द्या. आणि घरात मधुमेह असेल, तर दिसतंय ना नीट, म्हणून डोळ्यांची तपासणी पुढे ढकलू नका. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून किंवा कॅमेऱ्याने डोळ्याचा पडदा तपासून घ्या. आठ घरांचा फुगवटा असतो तेव्हा रुग्णाला सगळं स्वच्छ दिसत असतं. धुरकट दिसू लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो.

दादर स्टेशनबाहेर पूर्वेला गेलात, तर फाळके यांच्या नावाची पाटी दिसेल. तिच्याखालून मी रोज जातो. लांबून ती वाचता येते आणि अगदी जवळ गेल्यावर रंगाचे पोपडे दिसतात. हल्ली मी दोन्ही पाहतो.